तिच्याबरोबर निघ

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, “ताई, मी सगळ्यांना इतकं कळकळीनं सांगते, पण एकजण सायकलला हात लावेल तर शपथ!” तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात होतं. तुझा हिरमोड झालाय हे आवाजावरूनच कळलं. गेल्या वर्षभरात तू किती बदललीस ते मी पाहिलंय. ऑफिसला सायकलवर जायला लागलीस, पाठदुखीची कुरकुर थांबली, चेहऱ्यावर तजेला आला. आपल्याला जे मिळालं ते आपल्या माणसांनाही मिळावं असं वाटणं साहजिक आहे, आणि तुझी ही तळमळ मला फार आवडते. पण नुसतं सांगून कुणी सायकलवर बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तू सांगतेस काय, तर व्यायाम होतो, पेट्रोल वाचतं, हवा स्वच्छ राहते. हे त्यांना माहीत नसेल असं वाटतं का तुला? आठवड्याला निदान दीडशे मिनिटं अंग हलवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपले डॉक्टरही सांगतात. पटलेलं असतं म्हणून तर त्या माना डोलावतात. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. एकीच्या सायकलीत कित्येक महिने हवाच भरलेली नाही. दुसरीला वाटतं, इतक्या वर्षांनी बसले आणि गेटपाशीच तोल गेला तर? तिसरीला सीटवर बसून दुखतं, पण दुखतं कुठे ते कुणाला सांगणार? चौथीला सायकल येतच नाही आणि चाळिशीत ते कबूल करायला जीभ रेटत नाही. या गोष्टी इतक्या बारीक असतात की त्या बोलून दाखवायचाही संकोच वाटतो. मग उत्तर येतं, “वेळच नाही गं मिळत.” आणि तू वेळेवरून वाद घालत बसतेस.

म्हणून माझं ऐक. सगळ्यांना एकदम सायकलवर बसवायचं मनातून काढून टाक. एकच मैत्रीण निवड. तुझी सायकल दिसली की जी थांबते, ब्रेक दाबून बघते, “कितीला घेतलीस गं?” असं विचारते, ती. आणि तिला काही पटवत बसू नकोस. तिची अडचण शोधून काढ, ती दूर कर आणि पहिले काही दिवस तिच्याबरोबर निघ. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, पण त्यातल्या खाचाखोचा नीट सांगते, कारण गाडी तिथेच अडते.

आधी तुला पुदुकोट्टईबद्दल सांगते. तमिळनाडूतला हा जिल्हा. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोहीम जोरात होती आणि शीला राणी चुंकत तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरओळखीबरोबर बायकांनी सायकलही शिकायची, असं त्यांनी मोहिमेतच घालून टाकलं. कार्यकर्त्या बायकांना आडगावांत पोचायचं तर पायी किती चालणार, हा त्यामागचा साधा हिशेब. शेतमजूर बायका शिकल्या, दगडखाणीत काम करणाऱ्या शिकल्या, अंगणवाडीतल्या शिकल्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजार बायका सायकलींवरून पुदुकोट्टईच्या रस्त्यांवर उतरल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं तिथे जाऊन लिहिलंय. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी सरळ जेंट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच जास्त पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. अचकटविचकट बोलणी त्यांनाही ऐकावी लागली. पण जी शिकली तिने पुढच्या बाईला शिकवलं. नुसतं व्याख्यान ऐकून या बायका सायकलवर बसल्या असत्या, असं मला नाही वाटत. त्यांना शिकायला जागा मिळाली, सायकल मिळाली आणि बरोबर दुसरी बाई होती.

तर मग ज्या मैत्रिणीला सायकल येतच नाही, तिच्यापासून सुरुवात करू. तू म्हणशील, ही तर सर्वांत अवघड. मला उलट वाटतं. तिला शिकवायला ऐसपैस सपाट जागा आणि पंधरा नंबरचा पाना हवा. आमच्या शेजारच्या वहिनी पन्नाशीत शिकल्या त्या आमच्या पार्किंगमध्ये, दुपारी, सगळी सोसायटी जेवून आडवी झालेली असताना. वेळ त्यांनीच निवडली होती. पायात मुलाचे बूट आणि ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. आधी मी दोन्ही पॅडल काढून टाकली. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेव, नाहीतर काढायच्या नादात आणखी घट्ट आवळत बसशील. मग सीट इतकी खाली घेतली की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. वहिनींना म्हटलं, आता सायकल चालवायचीच नाही, फक्त बसून पायांनी जमीन मागे ढकलत पुढे सरकायचं. सुरुवातीला त्या हँडलकडे बघत होत्या आणि हँडल थरथरत होतं. नजर समोरच्या खांबावर ठेवायला सांगितली तशी ढकलीगणिक पावलं जरा जास्त वेळ हवेत राहायला लागली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पाय न टेकता गेल्या, तेव्हा त्यांच्या तोंडून “अय्या!” असं जे निघालं ना, ते लहान मुलीचं होतं. आमचे वॉचमनकाका तेवढा वेळ मुद्दाम गेटकडे तोंड करून बसले होते. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

या पद्धतीत मागून कॅरिअर धरायचं नाही. धरलं की शिकणारी धरणाऱ्यावर रेलते, स्वतःच्या तोलावर नाही. एकदा तोल सापडला की पॅडल परत लावायची. पॅडल मारणं हा शिकण्यातला सोपा भाग आहे. मात्र ब्रेक आधी शिकव. दोन्ही ब्रेक बरोबर, हळू दाबायचे. पुढचाच एकदम करकचून दाबला की मागचं चाक उचलतं.

आता ज्यांनी शाळेत असताना चालवली आणि मग सोडली त्यांच्याबद्दल. अशा तुला ढीगभर मिळतील. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. तुझ्या मैत्रिणीच्या आईला किंवा मावशीला विचारून बघ, कॉलेजला कशा जायच्या. तासावर भाड्याने आणलेली मोठी सायकल, नळीखालून पाय घालून मारलेली अर्धी पॅडलं, मैत्रिणीला डबलसीट घेतल्यावर पोलीस दिसला म्हणून मारलेली उडी... अशा आठवणींना तोटा नसतो. मग लूना आली, स्कूटी आली, लग्नं झाली आणि सायकली माळ्यावर गेल्या. अशा घरात आईच्या तोंडून लेकीने हे ऐकलं की निम्मं काम होतं. “तुझी आई चालवायची” या वाक्यात जे बळ आहे, ते आपल्या बोलण्यात नाही.

या मैत्रिणींची सायकल बाहेर निघाली की तू स्वतः जाऊन आधी ती बघ. पंप घेऊन जा. चाकात किती हवा हवी ते टायरच्या बाजूवरच छापलेलं असतं. सायकल नुसती उभी असली तरी हवा थोडी थोडी उतरत राहते, आणि कमी हवेवर चालवणारीला वाटतं की आपल्यातच दम राहिलेला नाही. बिचारी घरी येऊन म्हणते, माझ्याच्याने नाही होत आता. नवी सायकल घ्यायला मात्र आत्ताच सांगू नकोस. जुनीचं ओव्हरहॉलिंग करून घे. छर्रे बदलले, ग्रीस भरलं, चाकाचं आउट काढलं, ब्रेकचे रबर नवे टाकले की बऱ्याच जुन्या सायकली सुखाने पळतात. तेवढं होईपर्यंत तुझी सायकल तिला दे. सहा महिन्यांनी तिची तीच ठरवेल काय घ्यायचं ते.

आणि सीट! गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या किती बायका मला भेटल्या, आणि बहुतेकींची सीट फार खाली होती. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं, म्हणून सीट खाली ठेवतात. पण मग पॅडल मारताना गुडघा नको तितका दुमडतो आणि त्याच्यावर ताण येतो. तिला भिंतीला धरून सायकलवर बसव. पॅडल पार खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग ठेवला की गुडघ्यात किंचित बाक राहतो, तेवढाच हवा. एकदम वर घेतलीस तर घाबरेल. दर फेरीला बोटभर वर घेत जा, आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, हे पार्किंगमध्ये घोटून घे. भीती मुळात थांबायचीच असते, चालवायची नव्हे.

आता थोडं आपल्या आपल्यात. बसून दुखतं, हे तुला कुणी आपणहून सांगणार नाही, म्हणून तूच विषय काढ. बसताना आपला भार कुल्ल्यांच्या ज्या दोन हाडांवर येतो, त्यांच्यातलं अंतर बायकांमध्ये साधारणपणे जास्त असतं. अरुंद सीटवर ती हाडं टेकतच नाहीत आणि सगळा भार नको तिथे येतो. सीट जरा रुंद हवी, पण गादीसारखी मऊ नको. फार मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग आणखीच दाबला जातो. सीटचं नाक वर उचललेलं असेल तर सपाट कर, याने कितीतरी फरक पडतो. लांब जायला लागल्यावर पॅडवाली चड्डी घ्यावी, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवणी घासतात आणि सालटं निघतात. हे दुकानातला मुलगा सांगत नाही, त्यालाही लाज वाटते. वरून सैल कुर्ता घातला तर कुणाला कळतही नाही. पाळीच्या दिवसांत चालवायची की नाही हे जिचं तिने ठरवावं. चालवल्याने काही बिघडत नाही आणि विश्रांती घेतल्यानेही नाही. पहिल्या आठवड्यात थोडं अंग बोलतंच, ते हळूहळू कमी होतं. मुंग्या येत असतील किंवा बधिर होत असेल तर मात्र सोसत राहायचं नाही, सीट बदलायची.

कपड्यांचं एकदाच सांगून ठेव. चेन उजव्या बाजूला असते, म्हणून सलवारचा उजवा पाय रबराने बांधायचा किंवा सरळ लेगिंग घालायची. ओढणी अजिबात नको. चाकात गेली तर गळ्याशी येते, आणि यात मी कुणाचंही ऐकत नाही.

पहिला रस्ता निवडताना घाई करू नकोस. तुला खडकवासल्याला न्यायचं असतं, मला माहिती आहे. भजी, कणसं, पाणी, सगळं छान आहे. पण परत येताना सिंहगड रस्त्यावर ट्रक अंगावरून गेला की ती पुन्हा यायची नाही. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणारा डी. पी. रस्ता बघ, सपाट आहे. रविवारी सकाळी सहाला निघा, तेव्हा गर्दीही नसते. पाच किलोमीटर म्हणजे रमतगमत अर्धा तास. शेवटी इडली किंवा उपमा मिळेल अशी जागा हवीच. चढ असला तर उतरून सायकल हातात धरून चालायचं आणि तूही तिच्याबरोबर चालायचंस. वर जाऊन तिची वाट बघत उभी राहू नकोस. तुला त्यात काही वाटणार नाही, पण खालून येणारीला ते फार लागतं.

रस्त्यावर तू मागे राहा, किंचित उजवीकडे. वेग तिचा. अगदी कडेला चिकटून चालवू देऊ नकोस. तिथे खड्डे असतात, काचा असतात, आणि गटाराच्या जाळ्यांच्या फटी चाकाच्या दिशेने असल्या तर चाक अडकतं. उभ्या मोटारींपासून हातभर लांब, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. वळायच्या आधी मागे बघायचं आणि मग हात दाखवायचा, दोन्ही गोष्टी करायच्या. मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट, आणि ते कपाळ झाकेल असं, मागे ढकललेलं नको. कुत्री मागे लागली तर उतरायचं आणि सायकल मध्ये धरून शांतपणे चालायचं. पळणाऱ्या चाकामागेच ती लागतात. रस्त्यांची खरी माहिती हवी असेल तर पहाटे पेपर टाकणाऱ्यांना आणि दुधाच्या पिशव्या पोचवणाऱ्यांना विचार. कुठे दिवा नाही, कुठे नवा खड्डा पडलाय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आपण सायकलवाल्यांची मोजदाद करताना त्यांना विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

रहदारीची भीती खोटी आहे असं तिला कधीही म्हणू नकोस. ती खरी आहे. आपले रस्ते सायकलसाठी आखलेले नाहीत, आणि जिथे वेगळा मार्ग आखलाय तिथेही बऱ्याचदा गाड्या उभ्या असतात. पण एक गोष्ट तिला सांगण्यासारखी आहे. २००३ साली जेकबसन नावाच्या अभ्यासकाने निरनिराळ्या शहरांचे आणि देशांचे आकडे ताडून पाहिले. जिथे सायकलवाले जास्त, तिथे एकेकाला अपघाताचा धोका कमी, असं त्याला दिसलं. गाडीवाल्यांच्या डोळ्यांना सायकली दिसायची सवय होते. म्हणजे बघ, ती रस्त्यावर आली तर तुझाही धोका थोडा कमी होतो. “मला तुझी सोबत हवीय” हे तू तिला अगदी मनापासून म्हणू शकतेस, आणि उपदेशापेक्षा हे ऐकायला किती बरं वाटतं!

ग्रुपवरच्या फोटोंचंही बोलायचं होतं. तू पन्नास किलोमीटर केलेस, सरासरी वेग टाकलास, त्याचा आनंद मलाही झाला. पण जिने अजून पार्किंगमधून सायकल बाहेर काढली नाही, ती तो आकडा बघून मनातल्या मनात मागे सरकते. तेरा-साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची फेरी, करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये एकोणतीस हजार किलोमीटर चालवून जगाला फेरी मारून आली, तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती. ऊर अभिमानाने भरून येतो. तरी पण नव्या मैत्रिणीला चाक फिरवायला लावते ती कोपऱ्यावरून कोथिंबीर आणि दही घेऊन सायकलवर परत येणारी शेजारीण. म्हणून कधीतरी तसा फोटो टाक, पिशवी हँडलला अडकवलेला. ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये तो जाहीर केला, तेव्हापासून फेऱ्या निघतात. फेरीला जरूर ने, मजा येते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन करणं जास्त महत्त्वाचं.

पावसाळ्यात नवीन कुणाला आणू नकोस. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, चाक घसरतं, ब्रेक उशिरा लागतो. ऑक्टोबर सरल्यावर सुरू कर.

मित्रांचं वेगळं काही नाही. फक्त ते आधी वीस गिअरची महागडी सायकल घेतात आणि मग ती गॅलरीत उभी राहते. त्यांना घरातल्या जुन्या सायकलवर भाजी आणायला पाठव, पुढचं आपोआप होईल.

आणि जी नाही म्हणते तिचं नाही ऐकून घे. कुणाला रात्रपाळी असते, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, कुणाचं घर महामार्गाला लागून असतं. तिने सायकल घेतली नाही म्हणून तुमच्या मैत्रीत तसूभरही फरक पडू देऊ नकोस. तुझ्या आग्रहाने ती तुला टाळायला लागली, तर सायकल राहील बाजूला आणि मैत्रीण जाईल.

जी आली, तिच्याबरोबर किती दिवस जायचं? ती तुला न सांगता, एकटी, स्वतःच्या कामाला सायकलवर जाऊन येईपर्यंत. मंडईत, बँकेत, मुलीच्या क्लासला, कुठेही. ती एकटी गेली की तू बाजूला हो. मग तिला पंक्चर कसं काढायचं ते दाखव, आणि पुढच्या मैत्रिणीला आणायचं काम तिच्यावर सोपव. नुकतीच शिकलेली बाई फार छान शिकवते, कारण पहिल्या दिवशी हात कसे थरथरतात ते तिच्या ताजं लक्षात असतं.

तुझ्या ऑफिसातली ती मुलगी, जी तुला एकटीला गाठून म्हणाली की मला येतच नाही, तिला पहिली घे. एवढं बोलायलाच तिला किती धीर करावा लागला असेल. शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला तिला आमच्या पार्किंगमध्ये घेऊन ये. माझी जुनी लेडीज सायकल तिच्या उंचीला बसेल. मी पॅडल काढून आणि सीट खाली करून ठेवते. पाना माझ्याकडे आहे, पंप तू आण. तिला फक्त बूट घालून यायला सांग, आणि ओढणी घरी ठेवायला.